विद्वेषी भाषणाचा कायदा आणि संसदेकडे याचिका: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधेयक तर कर्नाटक सरकारचं आहे. मग संसदेकडे याचिका कशाला?

बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो, म्हणून आधी हेच बघू. कर्नाटक विद्वेषी भाषण आणि विद्वेषी गुन्हे प्रतिबंधक विधेयक, २०२५ हे राज्याचं विधेयक आहे. मंत्रिमंडळाने ४ डिसेंबर २०२५ रोजी त्याला मंजुरी दिली. गृहमंत्री जी. परमेश्वर यांनी १० डिसेंबरला ते आपल्याच गावात, हलग्याजवळच्या सुवर्णसौध या विधानभवनात मांडलं. १८ तारखेला विधानसभेत गदारोळातच ते संमत झालं आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतही. या विधेयकाच्या मजकुरातला एक स्वल्पविरामसुद्धा लोकसभेच्या याचिका समितीला हलवता येणार नाही.

लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत नियम १६० आहे. जो विषय एरवी राज्याच्या विधिमंडळात मांडायचा, त्यावर संसदेत याचिका चालत नाही, असं तो सांगतो. म्हणजे 'कर्नाटकाचं विधेयक रद्द करा' एवढंच लिहून दिल्लीला पाठवलंत, तर तो कागद छाननीतच बाजूला पडणार.

मग संसदेकडे मागायचं काय? केंद्राचा कायदा. फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला. भारतीय न्याय संहिता संसदेने केली आणि १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. विद्वेषी भाषणाची स्वतंत्र व्याख्या त्या संहितेत नाही. ती करा, नेमकी करा आणि सोबत नागरिकाच्या बचावाची कलमंही घाला, ही मागणी संसदेकडे करता येते. राज्यघटनेच्या कलम २५४ प्रमाणे समवर्ती विषयात राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर तो टिकायला राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाल्यावरही संसद पुढे त्याच विषयावर कायदा करून राज्याचा कायदा बदलू शकते, रद्दही करू शकते. सार्वजनिक सुव्यवस्था हा आपला विषय आहे, असा युक्तिवाद राज्य करेलच. तो वाद कोर्टाचा. पण दिल्लीला जाण्यात अर्थ आहे तो या कारणाने.

मग या विधेयकाबद्दलच काही म्हणायचं असेल तर कुणाला लिहायचं?

विधिमंडळाने संमत केलेलं विधेयक राज्यपालांकडे जातं. कलम २०० प्रमाणे ते सही करू शकतात, विधेयक परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. राष्ट्रपतींकडे गेलेल्या विधेयकाचं काय होतं, ते कलम २०१ मध्ये आहे. त्यात विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायचीही सोय आहे आणि मग विधिमंडळाला सहा महिन्यांत विचार करावा लागतो. राज्यपालांना कोर्टाने मुदत घालून देता येणार नाही, असं मत सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर (संदर्भावर) दिलं. त्यामुळे 'इतक्या दिवसांत निर्णय द्या' असं निवेदनात लिहू नका.

विधेयकाची अवस्था अर्ज लिहायच्या दिवशी राजपत्रात बघून घ्या. सही होऊन कायदा झाला असेल तर राज्यपालांना निवेदन देऊन उपयोग नाही. मग राज्याच्या विधिमंडळाची याचिका समिती किंवा उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ, हे रस्ते उरतात.

विधेयकात नेमकं आहे काय?

जाहीरपणे केलेलं बोलणं, लिखाण, खुणा, चित्रं, मोबाइलवरून पाठवलेला मजकूर, यांपैकी काहीही, जर ते एखाद्या जिवंत किंवा मृत व्यक्तीविरुद्ध, गटाविरुद्ध किंवा समाजाविरुद्ध वैर, द्वेष किंवा दुरावा पसरवण्याच्या हेतूने असेल, तर ते विद्वेषी भाषण. आधार म्हणून धर्म, वंश, जात, लिंग, लैंगिक कल, जन्मस्थान, निवास, भाषा, अपंगत्व आणि जमात यांची नावं आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक ते सात वर्षं कैद आणि ५० हजार रुपये दंड. पुन्हा केल्यास किमान दोन वर्षं कैद आणि एक लाख दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

याशिवाय तीन तरतुदी आहेत आणि आपल्याकडे चर्चा खरं तर त्यांची व्हायला हवी. एक, संस्थेच्या नावावर गुन्हा घडला तर त्या वेळी संस्थेची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांनाही आरोपी करता येतं. दोन, नेमलेला अधिकारी समाजमाध्यमांवरचा मजकूर काढायला सांगू शकतो. तीन, कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षक आणि त्यावरचा अधिकारी गुन्हा घडायच्या आधीच प्रतिबंधक पावलं उचलू शकतो. या तिसऱ्या तरतुदीचा अर्थ सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मराठी भाषिकांच्या महामेळाव्याला परवानगी नाकारणं आणि महाराष्ट्रातल्या नेत्यांना जिल्हाबंदी करणं हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलोय, तेही या कायद्याविना.

भाषेचं नाव घेतलंय म्हणजे मराठी माणसाला संरक्षणच मिळेल ना?

हो आणि नाही, आणि दोन्ही तितकंच खरं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. भाषा हा आधार नव्याने आलेला नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम १५३अ मध्ये तो होता, आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्येही आहे. सोबत जन्मस्थान आणि निवासही आहेत. म्हणजे भाषेवरून दोन समाजांत वैर पसरवणं आजही गुन्हाच आहे, तोही दखलपात्र आणि अजामीनपात्र. 'आता मराठी माणसाला शिवी दिली तर पहिल्यांदाच केस होणार' असं कुणी सांगत असेल तर त्याला कलम १९६ वाचायला द्या.

आता सीमाभागातलं वास्तव. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या पासिंगच्या गाड्यांवर दगडफेक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाळेकुंद्रीजवळ मराठी बोलला नाही म्हणून बस कंडक्टरला मारहाण झाल्याचा आरोप झाला आणि दोन्ही राज्यांतल्या बस काही दिवस अडकून पडल्या. पहिल्या प्रसंगात आपण फिर्यादी, दुसऱ्यात आरोपीच्या पिंजऱ्यात. कायदा एकच, पण तो कुणाच्या तक्रारीवर लागेल हे ठाण्यातल्या खुर्चीवर ठरतं. अल्पसंख्य भाषेच्या माणसाला म्हणूनच मोघम कायदा परवडत नाही. व्याख्या जितकी सैल, तितका अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव जास्त, आणि मर्जी सहसा बहुसंख्येच्या बाजूला झुकते. हे महाराष्ट्रातल्या कन्नड माणसालाही लागू आहे. जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड भाषिकाने हेच वाक्य लिहिलं तर त्यातला एक शब्द बदलावा लागणार नाही.

१ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची मूक सायकल फेरी, काळे झेंडे, 'महाराष्ट्रात जाणारच' ही घोषणा: यावर गुन्हा होऊ शकतो?

माझं मत स्पष्ट आहे: होऊ नये. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ ने संसदेला दिलाय. घटनेनेच ज्याची वाट आखून दिली, ती मागणी करणं म्हणजे कुणाचा द्वेष करणं नव्हे. १९५६ च्या पुनर्रचनेला विरोध करणं, सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल मान्य नाही म्हणणं, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला १७ जानेवारीला पुष्पचक्र वाहणं, हे सगळं सरकारच्या निर्णयाविरुद्ध आहे, कन्नड माणसाविरुद्ध नाही.

पण त्याच फेरीत कुणी 'यांना गावातून हाकला' अशी आरोळी ठोकली, तर ती वेगळी गोष्ट. तिथे निशाणा सरकारवरून शेजाऱ्यावर सरकतो. आयोजकांनी ही रेघ स्वतः ओढून ठेवलेली बरी, आणि फेरीआधी कार्यकर्त्यांना सांगितलेली त्याहून बरी. संस्थेच्या जबाबदारीची तरतूद ध्यानात घ्या. एकाच्या तोंडातून निघालेली घोषणा मंडळाच्या अध्यक्षाच्या आणि सेक्रेटरीच्या घरापर्यंत पोहोचू शकते.

फलकांचंही तसंच. येळ्ळूर गावातला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक जुलै २०१४ मध्ये कोर्टाच्या आदेशाने काढला गेला आणि नंतर लाठीमारही झाला. फलक बेकायदा होता की नव्हता हा एक प्रश्न, तो विद्वेषी होता का हा अगदी दुसरा. नव्या कायद्यात हे दोन प्रश्न एकत्र कालवले जाऊ नयेत, ही मागणी याचिकेत ठामपणे करण्यासारखी आहे.

'मृत व्यक्ती' कशासाठी घातलंय?

पुतळे आणि महापुरुष यांच्यावरून होणाऱ्या तंट्यांना ते लागू पडतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. अशा कृत्यांवर कारवाई व्हावी, यात दुमत नाही. अडचण इतिहासाच्या चिकित्सेची आहे. विधेयकात विज्ञान, साहित्य, कला, अभ्यास आणि सार्वजनिक हितासाठीच्या पुस्तकांना, लेखांना, चित्रांना सूट आहे. व्याख्यानमालेतल्या वक्त्याला किंवा पोवाडा गाणाऱ्या शाहिराला ती तितकीच मिळेल का, हे त्या वाक्यरचनेतून साफ होत नाही. बेळगावात व्याख्यानमाला भरवणाऱ्या वाचनालयांनी तरी यावर स्वतंत्र अर्ज करायला हवा.

सात वर्षं, दहा वर्षं, यात एवढं काय आहे? शिक्षा तर शेवटी कोर्ट ठरवणार.

शिक्षा कोर्ट ठरवेल. पण तुम्हाला अटक कशी होईल आणि एफआयआर कसा नोंदवला जाईल, हे त्या आकड्यावर ठरतं. या सगळ्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

पहिली गोष्ट अटकेची. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही. आधी गरज तपासायची, कारणं लिहायची, गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हे बजावलं आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५ मध्येही ते आहे. मूळ विधेयकात दुसऱ्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होती, ती संमत होताना सातवर आणली गेली. तीन वर्षं कमी केली एवढंच वर्तमानपत्रात आलं. प्रत्यक्षात त्यामुळे दुसऱ्यांदा आरोप झालेला माणूसही या संरक्षणाच्या आत आला.

दुसरी गोष्ट एफआयआरची, आणि इथे मात्र सात हाच आकडा आड येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चं तिसरं उपकलम काढून वाचा. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी असेल, तर ठाण्याचा अधिकारी उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतो आणि प्रथमदर्शनी काही आहे का ते बघू शकतो. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बोलण्या-लिहिण्यावरच्या तक्रारींत या तरतुदीचा वापर करणं उचित. कलम १९६ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे तिथे ही चाळणी लागते. शिक्षा पूर्ण सात वर्षांपर्यंत नेली की 'सातपेक्षा कमी' ही अट तुटते आणि चाळणीच निघून जाते. तक्रार आली की थेट गुन्हा.

शिक्षा वाढवली म्हणजे कायदा कडक झाला, एवढंच लोकांना दिसतं. खोट्या किंवा फुगवलेल्या तक्रारीपासूनचा आडोसा त्याच हाताने काढून घेतला जातो, ते दिसत नाही. माझ्या मते सीमाभागातल्या कुठल्याही याचिकेतली पहिली मागणी हीच असावी: बोलण्यावरच्या गुन्ह्यात एफआयआरआधी प्राथमिक चौकशी बंधनकारक करा, शिक्षेचा आकडा काहीही असो.

संसदेपुढे सध्या या विषयावर काही आहे का?

विधी आयोगाचा २६७ वा अहवाल आहे, मार्च २०१७ चा. दंड संहितेत १५३क आणि ५०५अ ही दोन नवी कलमं घालावीत, असं त्यात सुचवलं होतं. हा अहवाल तयार झाला तोच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रवासी भलाई संघटनेच्या खटल्यात विषय आयोगाकडे सोपवला म्हणून. २०२३ च्या अखेरीस नव्या संहिता संमत झाल्या, तेव्हा ती कलमं त्यांत आली नाहीत. राज्यसभेत २०२२ मध्ये खासगी सदस्याचं एक विधेयकही मांडलं गेलं. पण खासगी विधेयकांवर फार भिस्त ठेवू नका. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालेलं नाही.

थोडक्यात, दिल्लीत अहवाल आहे, सरकारी विधेयक नाही. त्यामुळे आपली याचिका विधेयकावरची म्हणून नव्हे, 'सार्वजनिक हिताचा विषय' या सदराखाली जाईल.

संसदेतली याचिका म्हणजे नेमकं काय? कोर्टातल्या याचिकेसारखीच का?

नाही. इथे वकील लागत नाही, कोर्ट फी नाही आणि निकालही लागत नाही. सभागृहाला उद्देशून केलेला हा अर्ज असतो. लोकसभेच्या याचिका समितीत १५ सदस्य असतात, त्यांना अध्यक्ष नेमतात आणि त्यांत मंत्री नसतो. राज्यसभेची अशी समिती १० सदस्यांची. समिती संबंधित खात्याकडून म्हणणं मागवते, हवं तर अर्जदाराला आणि अधिकाऱ्यांना बोलावून ऐकते आणि आपला अहवाल सभागृहापुढे ठेवते.

समितीचं मूळ रूप २० फेब्रुवारी १९२४ चं आहे, म्हणजे टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याच वर्षीचं. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आपण अजून पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. ही समिती मात्र कुणाला ठाऊक नसते.

कोणते मुद्दे घातले की याचिका बाद होते?

कोर्टापुढे असलेला विषय, राज्य विधिमंडळाचा विषय आणि ज्यावर कायद्याने दुसरा इलाज उपलब्ध आहे असा विषय. भाषा सभ्य आणि संयत असायला हवी, हे नियमातच आहे.

यातून एक कडू गोष्ट निघते. सीमाप्रश्न याचिकेत घालायचा मोह आवरा. महाराष्ट्राचा मूळ दावा क्रमांक ४ हा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांचा उल्लेख केलात, महाजन अहवालावर दोन परिच्छेद लिहिलेत, की छाननी करणाऱ्याला कागद बाजूला ठेवायला आयतं कारण मिळतं. आपल्याकडे कुठल्याही निवेदनाची सुरुवात १९५६ पासून होते. इथे ती २०१७ च्या अहवालापासून करा.

मराठीत लिहिली तर चालेल?

चालेल, पण एकटी नाही. हिंदी किंवा इंग्रजी सोडून दुसऱ्या भारतीय भाषेत याचिका असेल, तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही सही करावी लागते. भाषांतर चांगल्या माणसाकडून करून घ्या. समितीचे सदस्य वाचणार तेच.

राष्ट्रपतींना, राज्यपालांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. घटनेचं कलम ३५० सांगतं, की तक्रार निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज करायचा हक्क प्रत्येकाला आहे. डीसी ऑफिसच्या खिडकीवर 'कन्नडमध्ये आणा' असं ऐकावं लागलं, तर वाद घालत बसू नका. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात 'घटनेचे कलम ३५० अन्वये मराठीतून सादर' एवढी ओळ लिहा आणि पोच मागा. सोबत कन्नड भाषांतर जोडलंत तर काम लवकर होतं, हेही तितकंच खरं. हक्क आणि सोय यांत भांडण लावायची गरज नाही.

आमचा खासदार कोण धरायचा?

बेळगाव शहर आणि ग्रामीण भाग बेळगाव मतदारसंघात, तिथे जगदीश शेट्टर. निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी चिकोडी मतदारसंघात, तिथे प्रियांका जारकीहोळी. खानापूरकरांची मात्र दरवेळी गल्लत होते. तालुका बेळगाव जिल्ह्यात असला तरी लोकसभेला तो उत्तर कन्नड मतदारसंघात येतो आणि तिथले खासदार विश्वेश्वर हेगडे कागेरी.

याचिका आपल्याच खासदाराने मांडावी असं बंधन नाही. कुठलाही सदस्य त्यावर प्रतिस्वाक्षरी करून ती मांडू शकतो. महाराष्ट्रातल्या खासदाराकडे जायचा विचार अनेकांच्या मनात आधी येतो. तसं करता येतं, पण मी आधी इथल्याच खासदारांची दारं ठोठावीन. कोल्हापूरच्या खासदाराने मांडलेली याचिका सीमावादाची वाटते, चिकोडीच्या खासदाराने मांडलेली कायद्याची वाटते. पक्षाचं गणितही ध्यानात ठेवा. राज्यातल्या सत्ताधारी पक्षाचा खासदार राज्याच्या विधेयकावर टीका असलेल्या कागदावर सही करायला कचरेल. केंद्राने नेमकी व्याख्या करावी, या मागणीवर त्याला तितकी अडचण वाटणार नाही. मजकूर दोन्ही बाजूंच्या खासदारांना सही करता येईल असा ठेवणं म्हणजे लाचारी नव्हे.

खासदाराने नकार दिला तर?

याचिका थेट लोकसभेच्या किंवा राज्यसभेच्या महासचिवांकडे, संसद भवन, नवी दिल्ली या पत्त्यावर पाठवता येते. नमुन्यात न बसणारी निवेदनंही समिती विचारात घेते.

मसुदा कसा असावा?

नमुना जुन्या वळणाचा आहे. वर 'लोकसभेप्रति', मग अर्जदारांची नावं, मग थोडक्यात वस्तुस्थिती, शेवटी 'प्रार्थना', म्हणजे नेमकी मागणी. मागणी नसलेली याचिका स्वीकारत नाहीत. त्यानंतर अर्जदार कर्तव्यबुद्धीने सदैव प्रार्थना करीत राहतील, अशा अर्थाचं वाक्य येतं. ब्रिटिशांच्या काळचं ते वळण खटकलं तरी ठेवा, त्यावरून भांडायची ही जागा नाही.

प्रार्थना साधारण अशी लिहिता येईल:

'तरी अर्जदारांची प्रार्थना अशी की, सभागृहाने विधी आयोगाच्या २६७ व्या अहवालाचा विचार करून विद्वेषी भाषणाची व्याख्या केंद्रीय कायद्यात करावी. त्या व्याख्येत हिंसेस, भेदभावास वा बहिष्कारास चिथावणी देण्याचा हेतू आवश्यक धरावा. शासनाच्या धोरणावरील टीका, भाषिक हक्कांची मागणी आणि घटनात्मक मार्गाने राज्यसीमा बदलण्याची मागणी यांना स्पष्ट अपवाद करावा. आणि अशा तक्रारींत प्राथमिक चौकशीविना गुन्हा नोंदवू नये, अशी तरतूद करावी.'

एवढं पुरे. अर्जाला पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं जोडायची नसतात. आपल्याकडे जाडजूड फाइल दिली की काम होतं असा समज आहे, तो घरी ठेवा.

सह्या किती लागतात? ऑनलाइन चालतील?

एकाचीही चालते. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा. प्रार्थना ज्या पानावर आहे त्या पानावर निदान एक सही हवीच, आणि सह्यांची पानं वाढली तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रार्थना पुन्हा लिहायची. पुष्कळ सह्या गोळा होतात, पण पानं कोरी असतात, नुसती नावांची रांग. असं होऊ नये म्हणून आधी प्रार्थना छापलेले कागद तयार करा, मग गल्लीत फिरा. संकेतस्थळावर क्लिक करून गोळा केलेली नावं वातावरण तापवायला ठीक, या नमुन्यात बसत नाहीत.

कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर त्या पहिल्या पानावर घ्या.

व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन अडकतो का?

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून तो दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. समान हेतू दाखवावा लागतो. पण ग्रुप तुमच्या तरुण मंडळाच्या नावाने चालत असेल आणि तुम्हीच पदाधिकारी असाल, तर संस्थेच्या जबाबदारीची तरतूद वेगळ्या वाटेने गाठू शकते. याचिकेत 'पदाधिकाऱ्याची माहिती आणि संमती सिद्ध झाल्याशिवाय जबाबदारी नाही' अशी ओळ घालावी.

अर्ज केला म्हणून पोलीस मागे लागतील?

संसदेला सभ्य भाषेत अर्ज करणं हा गुन्हा नाही. त्रास झालाच तर तो बहुधा सह्या गोळा करायच्या जागेवरून होईल, जमावबंदी आहे, परवानगी कुठे आहे, वगैरे. म्हणून चौकात टेबल मांडण्यापेक्षा घरोघरी जा, किंवा सभागृहात बैठक घ्या. फलकावर याचिकेचा विषय एवढाच लिहा.

आपण विधेयकाच्या विरोधात आहोत की बाजूने?

हा प्रश्न विचारणारा सहसा पक्षाचा कार्यकर्ता असतो. द्वेषाच्या भाषणाने घरं जळतात आणि त्यावर कायदा हवा, असं मला वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवायला सांगितलं, ते काही उगाच नव्हे. त्याच न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम मोघम म्हणून रद्द केलं, तेही उगाच नव्हे. 'रद्द करा' म्हणणाऱ्यांना आणि 'जसंच्या तसं लागू करा' म्हणणाऱ्यांना एक सोय असते, त्यांना मजकूर वाचावा लागत नाही. आपल्याला तो वाचून, अमुक शब्द काढा, अमुक घाला, असं सांगायचंय. त्याने फरक पडतो का? महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाचं बघा. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते संमत झालं, तेव्हा त्याची व्याप्ती सांगणारे शब्द बदललेले होते. समाधान सगळ्यांचं झालं नाही. पण शब्द बदलले.

अर्ज पोहोचल्यावर पुढे काय? किती दिवस लागतात?

खासदाराने मांडली तर सभागृहात त्यावर चर्चा होत नाही, ती थेट समितीकडे जाते. समिती गृह आणि विधी खात्याचं म्हणणं मागवेल. ठरलेली मुदत नाही, महिने लागतात. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण तिच्यावर काय केलं हे खात्याला लेखी सांगावं लागतं आणि ते कागद सार्वजनिक होतात. पुढे केंद्राचं विधेयक आलं आणि ते स्थायी समितीकडे गेलं, तर समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून सूचना मागवते. त्यासाठी बहुतेक वेळा दोनच आठवडे मिळतात. आज केलेला मसुदा त्या वेळी हाताशी असेल, म्हणून त्याची एक प्रत, भाषांतरासह, वाचनालयात ठेवून द्या. स्पीड पोस्टची पावती तिलाच टाचून ठेवा.